कर नाही त्याला डर कशाला?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शाळामास्तर. वाङ्मयाचे पंडित नव्हे आणि कायद्याचे जाणकार तर नव्हेच नव्हे. तथापि आयुष्याची पस्तीस-छत्तीस वर्षे मुलांच्या सहवासात गेली. त्या अनुभवाच्या आधारावर आणि अलीकडे कोश उशाशी ठेवून केलेल्या वाचनाच्या बळावर, एका विषयाची चर्चा आपणांपुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. आपल्या विद्यार्थिवसतिगृहाच्या समितीपुढे एक सूचना आली आहे. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत व प्रत्येक मजल्यावर कॅमेरे बसवावेत, आणि मुलांचे फोन वेळोवेळी तपासण्याचा अधिकार अधीक्षकांस द्यावा, अशी ती सूचना. विद्यार्थ्यांनी तिला विरोध करणारा अर्ज दिला. या मुलांच्या वाचकमंडळात सध्या ऑर्वेल या इंग्रज लेखकाची कादंबरी वाचली जात आहे व तिचा दाखला त्यांनी अर्जात दिला. तो अर्ज सभेत वाचला गेला, तेव्हा आपले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला?" सभेत हशा पिकला आणि निर्णय पुढील बैठकीवर गेला.

ही म्हण आपली आहे, जुनी आहे आणि पुष्कळ वेळा खरीही आहे. तिला हसून उडवून लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जी म्हण सगळा वाद एका वाक्यात मिटवते, तिची एकवार परीक्षा करणे बरे. विद्यार्थी ज्या कादंबऱ्या वाचीत आहेत, त्या कादंबऱ्यांत हीच परीक्षा केलेली आहे असे आमच्या ध्यानी आले. म्हणून त्या कादंबऱ्या आणि हल्ली न्यायालयांत व वर्तमानपत्रांत चाललेले पाळतीविषयीचे व भाषणस्वातंत्र्याविषयीचे वाद हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम या ग्रंथप्रकाराविषयी. आदर्श राज्याचे चित्र मनुष्य फार पुरातन काळापासून रंगवीत आला आहे. आपल्याकडे रामराज्याची कल्पना आहे. इंग्लंडात सर टॉमस मोर याने १५१६ साली 'युटोपिया' नावाच्या लॅटिन ग्रंथात एका सुखी बेटाचे वर्णन केले. त्याच्या उलट जेथे सर्व काही शिस्तीत आहे पण मनुष्याचे जिणे असह्य झाले आहे, अशा राज्यास 'डिस्टोपिया' म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिल याने १८६८ साली पार्लमेंटातील भाषणात या धाटणीचा शब्द वापरला होता. आम्ही सोयीसाठी अशा राज्यास 'विपरीत राज्य' म्हणू.

अशा कादंबऱ्या भविष्य सांगतात असा एक समज आहे, तो बरोबर नाही. भूमितीत आपण 'समजा, हे विधान खरे आहे' असे धरून पायरीपायरीने पुढे जातो आणि शेवटी विसंगती निघाली म्हणजे मूळ विधान टाकून देतो. हे कादंबरीकार तेच करतात. समाजातील एखादी प्रवृत्ती घ्यावयाची, ती सर्वांनी बिनतक्रार मान्य केली असे धरावयाचे, आणि शेवटी मनुष्याचे काय उरते ते दाखवावयाचे. त्यांचा उपयोग ज्योतिषासारखा नाही, सिद्धतेसारखा आहे.

या प्रकारातील एक आद्य कादंबरी रशियन लेखक येव्हगेनी झाम्यातिन याची. हा गृहस्थ व्यवसायाने जहाजे बांधणारा इंजिनिअर. १९२०–२१ च्या सुमारास त्याने 'आम्ही' या नावाची कादंबरी लिहिली. आम्हीही जुन्या मास्तरांच्या रीतीने स्वतःस 'आम्ही' म्हणवून घेतो, परंतु त्या ग्रंथातील 'आम्ही' निराळे आहे. ते 'मी' पुसून टाकणारे आहे. त्या राज्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत. प्रत्येकजण प्रत्येकास दिसतो आणि पडदा ओढावयाचा तर त्यासाठी परवाना लागतो. तेथील नागरिक याविषयी कुरकुर करीत नाहीत. लपवण्यासारखे आमच्यापाशी काही नाही, असे ते अभिमानाने म्हणतात. म्हणजे आपल्या सभासदांची म्हण त्या राज्यात जणू राजमुद्रा होऊन बसली आहे! या पुस्तकाची गत काय झाली तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते १९२४ साली न्यूयॉर्क येथे इंग्रजी भाषांतरात प्रसिद्ध झाले. लेखकाने १९३१ साली स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली, ती मिळाली आणि १९३७ साली तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या मायदेशात ते पुस्तक १९८८ साली छापले गेले.

झाम्यातिनची ही कादंबरी ज्यांनी लक्षपूर्वक वाचली त्यांत जॉर्ज ऑर्वेल होता. १९४६ साली त्याने तिचे परीक्षण लिहिले. ऑर्वेल हे टोपणनाव. खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. त्याचा जन्म १९०३ साली आपल्या बिहारमधील मोतीहारी येथे झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९२२ साली, तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून रुजू झाला आणि त्याचे शिक्षण मंडाले येथील पोलीसशाळेत झाले. मंडाले हे नाव ऐकताच आपल्यापैकी प्रत्येकास लोकमान्यांची आठवण होईल. १९०८ साली 'केसरी'तील लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली व १९१४ पर्यंत ते त्याच गावी तुरुंगात होते. 'गीतारहस्य' त्यांनी तेथेच लिहिले. सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून दिलेल्या वह्या मिळत, आणि शाईऐवजी शिसपेन्सिल. एकास लेखणीबद्दल जेथे कोंडले, तेथेच आठ वर्षांनी दुसरा पोलिसाचा गणवेश चढवून आला, आणि १९२७ साली ती नोकरी सोडून लेखक झाला. पाळत ठेवणाराच्या बाजूने साम्राज्य पाहिलेला हा मनुष्य होता. त्याच्या लेखनाला जी धार आहे ती काही अंशी त्या अनुभवाची आहे.

त्याची 'एकोणीसशे चौऱ्याऐंशी' ही कादंबरी १९४९ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच जानेवारीत तो क्षयाने वारला. तिच्यातील राज्याचा प्रमुख 'थोरला भाऊ' या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे दादा, थोरले बंधू हे शब्द किती मायेचे व आदराचे! लेखकाने जुलमी सत्तेला नेमके तेच नाव दिले, यात मोठे मर्म आहे. पाळत पुष्कळदा शत्रुत्वाच्या वेषात येत नाही. ती वडीलकीच्या वेषात येते.

त्या राज्यात पक्षाच्या सभासदांच्या घरोघरी एक पडदा बसवलेला आहे. त्यावर चित्रे दिसतात आणि त्यातूनच घरातील माणसे दिसतात. तथापि आपल्यावर या क्षणी कोणाची नजर आहे की नाही, हे कोणासही समजत नाही. त्यामुळे नजर सदैव आहे असे धरूनच प्रत्येकास वागावे लागते. जेरेमी बेंथॅम या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १७९१ साली एका वर्तुळाकार तुरुंगाची योजना प्रसिद्ध केली होती, तिचे तत्त्व हेच. मध्ये मनोरा, भोवती कोठड्या. मनोऱ्यातील पहारेकरी कैद्यांना दिसावयाचा नाही. पहारेकरी क्षणभर डुलकी घेत असला तरी पहारा चालूच!

आता म्हणीकडे वळू. कादंबरीचा नायक विन्स्टन हा पडद्याच्या नजरेआड सापडलेल्या कोपऱ्यात बसून रोजनिशी लिहू लागतो. त्या राज्यात रोजनिशी लिहिणे बेकायदा नाही, कारण कायदेच नाहीत. परंतु ती सापडली तर मरण किंवा निदान पंचवीस वर्षांची सक्तमजुरी जवळजवळ ठरलेली. म्हणजे 'कर' कोणते, हेच आगाऊ कोणी सांगत नाही. म्हणीतला पहिला दोष येथे दिसतो. 'कर' म्हणजे काय हे ठरवणारा आणि पाळत ठेवणारा एकच असेल, तर निर्दोष मनुष्यासही निश्चिंत राहता येत नाही.

कोणी म्हणेल, ही झाली कादंबरी. तर आपल्याच देशाचा इतिहास पाहावा. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्म घेणे हाच गुन्हा ठरला. पोलिसांत नोंद करावयाची, ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, गाव सोडावयाचे तर परवाना घ्यावयाचा. सोलापुरास तर तारेच्या कुंपणातील वसाहत होती. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, परंतु कपाळावरचा शिक्का कायद्याबरोबर पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन ज्यांनी वाचले आहे, त्यांस अशा जमातीत जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला काय येते हे सांगावयास नको. त्या लेकरांनी काय केले होते? काहीच नाही. 'कर' नव्हते, आणि 'डर' मात्र पाळण्यापासून होता. ज्ञातीच्या नावाने एकत्र आलेल्या आपणां सर्वांनी, जन्मावरून माणसाची नोंद ठेवणे कोठवर जाते, हे या इतिहासातून विशेषेकरून शिकावे.

म्हणीचा दुसरा दोष कादंबरीतील पार्सन्स या पात्राच्या हकीगतीत दिसतो. हा बिचारा सरकारनिष्ठ गृहस्थ. झोपेत काही शब्द बरळतो, ते त्याची सात वर्षांची मुलगी दाराच्या कुलपाच्या भोकातून ऐकते आणि पोलिसांत वर्दी देते. तुरुंगात पडूनही त्याला मुलीचा अभिमानच वाटतो! त्या राज्यात पाळत ठेवावयास पोलीस थोडे पुरतात. घरातील माणसे पुरेशी असतात. पाळतीचे सर्वांत मोठे नुकसान पकडल्या जाणाराचे होत नाही, ते परस्परांवरील विश्वासाचे होते. 'भिंतींना कान असतात' असे आपण म्हणतो. भिंतींना कान फुटले म्हणजे माणसांच्या जिभा आपोआप आखडतात, आणि म्हणूनच पाळत व भाषणस्वातंत्र्य हे दोन विषय वेगळे नाहीत. जो मनुष्य एकांतात निर्धास्तपणे वाचू शकत नाही, मित्राशी बोलू शकत नाही, चुकीचा विचार करून तो दुरुस्त करू शकत नाही, त्याच्यापाशी चव्हाट्यावर बोलावयास स्वतःचे असे काही उरत नाही.

येथवर सरकारी जुलमाचे चित्र झाले. पण विद्यार्थ्यांनी केवळ ऑर्वेल वाचून थांबू नये, अशी आमची सूचना आहे. ऑर्वेल ईटन येथे विद्यार्थी असताना काही काळ त्यास फ्रेंच शिकवणारे ऑल्डस हक्स्ले म्हणून शिक्षक होते. त्यांनी १९३२ साली 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यातील राज्यात लोकांना दटावावे लागत नाही; त्यांना सुखात गुंगवले जाते. गुंगीच्या गोळीला हक्स्ले यांनी आपल्या वेदांतील 'सोम' हे नाव दिले आहे. आज आपण स्वतः पैसे देऊन फोन विकत घेतो आणि कोठे गेलो, काय खरेदी केले, कोणाचे छायाचित्र किती वेळ पाहिले, याचा हिशेब आपण होऊन दूरच्या कंपन्यांच्या हवाली करतो. येथे कोणी बंदूक रोखलेली नाही. हा प्रकार ऑर्वेलपेक्षा हक्स्ले यांच्या पुस्तकाशी अधिक जुळतो.

तिसरा लेखक अमेरिकेचा रे ब्रॅडबरी. त्याची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी १९५३ सालची. तिच्यातील अग्निशामक दलाचे लोक आग विझवीत नाहीत, पुस्तके जाळतात. पण ही जाळपोळ सरकारच्या हुकमाने सुरू झाली नाही, असे त्या दलाचा प्रमुखच सांगतो. लोकांना आधी वाचनाचा कंटाळा आला. मग ह्या गटास हे पान खटकले, त्या गटास ते पान खटकले. कोणाचेच मन दुखवू नये म्हणून पाने गळत गेली आणि अखेर पुस्तकेच नकोशी झाली. याच पुस्तकाच्या शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीतून प्रकाशकाने लेखकाला न विचारता काही शब्द बदलले, काही गाळले, आणि लेखकाला ते १९७९ साली समजले! पुस्तके जाळण्याच्या गोष्टीलाच कात्री लागली.

बंधुभगिनींनो, हे ऐकताना आपण आपल्याकडे पाहावे. 'आमच्या भावना दुखावल्या' असे म्हणून पुस्तकावर, नाटकावर, चित्रपटावर बंदी मागणारी निवेदने आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांकडूनच पुष्कळदा निघतात. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन मोडतोड झाली. निमित्त एका अमेरिकन लेखकाच्या इंग्रजी पुस्तकाचे होते आणि झळ लागली ती विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ग्रंथसंग्रहाला. त्या पुस्तकावरील बंदी पुढे उच्च न्यायालयाने उठवली व २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुस्तक न पटले तर दुसरे पुस्तक लिहावे, सभेत खंडन करावे; आपल्या थोरांची परंपरा खंडनमंडनाची आहे. आणीबाणीच्या काळात, १९७५ साली, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत विचारस्वातंत्र्याच्या बाजूने निर्भयपणे बोलल्या आणि पुढे त्यांना अटकही झाली. त्यांच्या मराठीचे आपण वारस आहोत, हे निवेदनावर सही करण्यापूर्वी आठवावे.

आता न्यायालयांतील वादांकडे वळू. म्हणीचा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर फार पूर्वी आला होता. उत्तर प्रदेशातील खडक सिंग नावाच्या इसमास दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडून दिले होते. तरीही पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली आणि रात्री-अपरात्री दार ठोठावून तो घरी आहे की नाही हे पाहण्याची वहिवाट पाडली. १९६२ साली न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे बहुमताने मानले नाही. ती उणीव ५५ वर्षांनी भरून निघाली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी ऐंशी ओलांडलेल्या वयात केलेल्या अर्जावर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे.

भाषणस्वातंत्र्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातीलच आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर मत मांडले म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने त्यास केवळ पसंती दर्शवली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ अशा वेळी लावले जाई. 'त्रासदायक' किंवा 'गैरसोयीचे' लिहिणे हाही त्या कलमाने गुन्हा होता. आता कोणते लिखाण कोणास त्रासदायक वाटेल, हे लिहिणाराने कसे ओळखावे? विन्स्टनच्या रोजनिशीसारखेच हे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम संदिग्धतेच्या व भाषणस्वातंत्र्याच्या कारणास्तव रद्द केले.

परदेशातही हाच वाद आहे. २०१३ च्या जून महिन्यात एडवर्ड स्नोडेन या अमेरिकन तरुणाने गुप्त कागद वृत्तपत्रांस दिले. त्यांवरून कळले की कोट्यवधी साध्या नागरिकांनी कोणास, केव्हा, किती वेळ फोन केला याच्या नोंदी सरकारी सुरक्षा संस्था गोळा करीत होती. त्या दिवसांत ऑर्वेलच्या कादंबरीचा खप एकाएकी वाढला. त्या तरुणास कोणी देशभक्त म्हणतात, कोणी देशद्रोही. तो प्रश्न आम्ही येथे सोडवीत नाही. पण अशा सरसकट नोंदी गोळा करण्यास अमेरिकेच्या कायदेमंडळाने २०१५ साली प्रतिबंध केला, यावरून तक्रारीत तथ्य होते असे दिसते.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. पाळत ही सर्वथा वाईट, असे आम्ही म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात अतिरेकी व त्यांचे परदेशातील सूत्रधार यांची फोनवरील संभाषणे आपल्या यंत्रणेने टिपली आणि कटाचे धागे उघड होण्यास त्यांची मोठी मदत झाली. दाराशी कॅमेरा असल्याने चोर सापडतो, हेही आपण पाहतो. राज्य चालवणारास कान-डोळे हवेतच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तापसाच्या, व्यापाऱ्याच्या, गृहस्थाच्या वेषातील हेरांचे प्रकार सांगितलेले आहेत. रामराज्यातही हेर होते. तेथे प्रजा राजाविषयी मोकळेपणी बोलत होती, हेराने ते जसेच्या तसे सांगितले आणि राजाने बोलणाऱ्यांस दंड केला नाही, ही त्या राज्याची थोरवी. परंतु त्या ऐकीव अपवादाची झळ शेवटी निष्पाप जानकीस सोसावी लागली, हेही महाकवीने लपवलेले नाही.

म्हणून प्रश्न पाळत हवी की नको असा नाही. ती कोणत्या मर्यादेत असावी, हा आहे. २०१७ च्या निकालातील कसोट्या साध्या व घरगुती व्यवहारातही लागू पडणाऱ्या आहेत. पाळतीला कायद्याचा आधार हवा. तिचा हेतू रास्त हवा. उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा; उंदरासाठी घर पेटवू नये. आणि अधिकाराचा दुरुपयोग झाला तर दाद मागण्याची सोय हवी. ऑर्वेलच्या राज्यात नेमक्या याच चार गोष्टी नाहीत. कादंबरी आणि निकाल ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर एकात रोगाचे वर्णन आणि दुसऱ्यात पथ्य सापडते.

आता या कसोट्या आपल्या घराला लावून पाहू. वसतिगृहाच्या दारावर व जिन्यात कॅमेरा असावा, हे आम्हांस मान्य आहे. त्याचा हेतू चोरीस आळा घालण्याचा आहे. मात्र ते चित्रण कोणी पाहावयाचे, किती दिवस ठेवावयाचे, हे लिहून भिंतीवर लावावे. अभ्यासिकेत व राहण्याच्या मजल्यांवर कॅमेरा नको. मुलगा पुस्तकावर डोके ठेवून दहा मिनिटे झोपला, मित्राजवळ रडला, किंवा अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक वाचले, तर त्याची नोंद राहण्याचे कारण नाही. फोन तपासण्याचा अधिकार तर अधीक्षकांस मुळीच देऊ नये. गंभीर तक्रार आल्यास पालकांस व विद्यार्थ्यास समोर बसवून बोलावे. आमच्या वर्गात जी मुले सतत नजरेखाली राहिली, ती नजर वळताच उंडारली. ज्यांच्यावर विश्वास टाकला, ती मागे पाहिले नाही तरी नीट बसली. सर्वच बसली असे म्हणणार नाही, पण बहुतेक बसली.

ज्ञातीच्या व्यवहारासही हेच लागू. आपली वधूवरसूची घ्या. तिच्यात मुलामुलींची जन्मवेळ, पगार, पत्ता, फोन सर्व छापलेले असते. ज्याची त्याची लेखी संमती घ्यावी, आणि विवाह जमल्यावर नाव सूचीतून काढावे. कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, याची चर्चा मंडळाच्या फोनवरील गटात होऊ नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१६ साली केला, तो जातपंचायतींच्या याच नजरेतून जन्मलेल्या जाचामुळे. आपले मंडळ पंचायत नाही, याचा आम्हांस अभिमान आहे. ती वृत्ती मागल्या दाराने शिरू नये, एवढेच सांगणे. तसेच मंडळाच्या हिशेबाविषयी किंवा पदाधिकाऱ्यांविषयी कोणी गटात प्रश्न विचारला, तर त्याचे नाव काढून टाकण्याऐवजी त्यास उत्तर द्यावे.

घरातील आईबापांस एक विनंती. फोनवरून मुले कोठे आहेत हे पाहण्याची सोय आता झाली आहे. लहान मुलांच्या बाबतीत ती उपयोगी आहे. परंतु मिसरूड फुटलेल्या मुलावर, कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर, त्यांच्या नकळत ती योजू नये. सांगून योजली तर ती काळजी आहे. चोरून योजली तर ती पाळत आहे. ऑर्वेलच्या गोष्टीत लेक बापावर पाळत ठेवते. आपण बापाने लेकीवर ठेवली, तर धडा फारसा निराळा होत नाही.

शेवटी विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. तुम्ही या कादंबऱ्या वाचता, याचा आम्हांस आनंद आहे. पण प्रत्येक अधिकारी म्हणजे थोरला भाऊ आणि प्रत्येक नियम म्हणजे जुलूम, असे समजू लागाल तर वाचन वाया गेले. शब्द स्वस्त झाला की त्याची धार जाते. ऑर्वेलने आपल्या कादंबरीत भाषेच्या झिजेविषयीच सर्वांत अधिक काळजी वाहिली आहे. तेथील कोशकार दरवर्षी शब्द कमी करीत जातात, अशासाठी की विरुद्ध विचार करावयास शब्दच शिल्लक राहू नयेत. तुम्ही तुमचे शब्द वाढवा, नेमके करा, आणि तुमच्या अर्जात कादंबरीबरोबर २०१७ च्या निकालाचाही आधार द्या. तो समितीस अधिक पटेल.

आमच्या ज्येष्ठ सभासदांची म्हण आम्ही टाकून देत नाही. ज्याने काही केले नाही त्यास भय नसावे, ही इच्छा म्हणून ती उत्तमच आहे. परंतु निर्दोष मनुष्यास भय नसावे, ही जबाबदारी पाहणाऱ्यांची आहे. पुढील बैठकीत समितीने ठराव करताना पाहणारास कोणते नियम लागू राहतील ते प्रथम लिहावे आणि कॅमेऱ्यांची संख्या नंतर ठरवावी, अशी नम्र सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.